घरच्यांची मजुरी धरली का? नवउद्योगांच्या गुंतवणूकदारांना खुलं पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईतले एंजल गुंतवणूकदार, छोट्या व्हेंचर फंडांचे व्यवस्थापक आणि इनक्युबेटरच्या निवड समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या गुंतवणूकदारांच्या आढावा समितीचा मेल आला. दीड कोटींच्या गुंतवणूक फेरीतला ९० लाखांचा पहिला हप्ता आम्हाला दहा महिन्यांपूर्वी मिळाला. ६० लाखांचा दुसरा या महिन्यात यायचा आहे. तो देण्याआधी समितीनं एक अट घातली आहे: दोन्ही संस्थापकांचा पगार दरमहा ६० हजारांवरून २५ हजारांवर आणा आणि महिन्याची विक्री २० लाखांवर जाईपर्यंत तिथंच ठेवा. सोबत आमचीच एक्सेल शीट परत पाठवली होती. तिच्यातल्या आमच्या पगाराच्या दोन ओळी पिवळ्या रंगवल्या होत्या. बाकी एकाही खर्चाला हात लावलेला नव्हता.

त्या समितीला मी वेगळं उत्तर पाठवलं आहे. हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, कारण ही अट काही एकाच समितीच्या डोक्यातून निघालेली नाही. गेल्या तीन वर्षांत पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या ज्या ज्या संस्थापकांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी ती कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकली होती. कुणाला मुलाखतीत ‘आत्तापासूनच पगार घेणार?’ असं विचारलं गेलं, कुणाच्या करारातच तसं लिहून आलं. खासगीत सगळे बोलतात. जाहीरपणे बोललं तर पुढची फेरी होणार नाही, या भीतीनं गप्प बसतात. मीही आजपर्यंत गप्पच होते.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर बल्क कूलर असतात. संध्याकाळचं दूध त्यात चार अंशांपर्यंत थंड करून ठेवतात आणि सकाळी टँकर ते घेऊन जातो. रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर दूध नासतं. हजार लिटरचा कूलर असेल तर लिटरला तीस रुपये धरले तरी तीस हजारांचं दूध ओढ्यात ओतावं लागतं. आमच्या गावात, फलटण तालुक्यात, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी केंद्राबाहेर बायका उभ्या होत्या आणि या दहा दिवसांच्या बिलातून किती कापणार, एवढंच विचारत होत्या. आमचं यंत्र कूलरला बसतं, तापमान आणि विजेची नोंद सतत पाठवत राहतं आणि काही बिघडलं की केंद्रचालकाचा फोन वाजवतं. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन संस्थापक आणि अकरा कर्मचारी.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं काढली. सोडताना महिन्याला १ लाख १५ हजार हातात येत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये नोकरी सोडली तेव्हा आम्ही तिघं होतो. पहिले २६ महिने आमच्यापैकी कुणी एक रुपया पगार घेतला नाही. त्यातलं पहिलं वर्ष आम्ही आमच्याच पैशांवर चालवलं, त्याबद्दल माझी कुणाकडेही तक्रार नाही. पुढे एका इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीला हात देणाऱ्या संस्थेमार्फत, दहा लाखांचं अनुदान मिळालं. त्यात संस्थापकांचा मोबदला बसत नाही, असं सांगण्यात आलं. मग एका एंजल गुंतवणूकदाराचे, म्हणजे सुरुवातीच्या कंपनीत स्वतःचा पैसा घालणाऱ्याचे, २५ लाख आले आणि त्या करारात ओळ होती, की पुढची फेरी होईपर्यंत संस्थापक कोणताही पगार घेणार नाहीत. आम्ही सही केली. ती आमची चूक होती, हे मी इथं कबूल करते. त्या २६ महिन्यांत माझा सगळा पीएफ काढून झाला. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत.

माझे वडील वहीत पिकाचा हिशोब लिहायचे. बियाणं, खत, नांगरट, पाणीपट्टी, बाहेरून आणलेल्या बायकांची खुरपणीची मजुरी, आडत, हमाली. शेवटी बाकी काढायचे आणि म्हणायचे, यंदा कांद्यानं एवढे दिले. ऐंशीच्या दशकात ते शेतकरी संघटनेच्या सभांना जायला लागले. शरद जोशींनी तिथं उत्पादन खर्च म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या सभांनंतर वडिलांच्या वहीत एक नवी ओळ आली: घरच्यांची मजुरी. आईचे किती दिवस, आजीचे किती, त्यांचे स्वतःचे किती. ती ओळ धरली की बहुतेक वर्षी बाकी शून्याच्या खाली जायची. ‘मग आपण एवढी वर्षं कमावलं ते काय?’ असं आईनं विचारल्याचं ते अजून सांगतात.

आज कृषी खर्च आणि मूल्य आयोगसुद्धा हमीभावाची शिफारस करताना ए-२ अधिक एफएल असा खर्च काढतो. त्यातलं ए-२ म्हणजे बियाणं, खत, बाहेरची मजुरी असा खिशातून गेलेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही मोजणारा त्यापुढचा सी-२ खर्च धरावा, ही शेतकऱ्यांची मागणी अजून बाकी आहे आणि ती रास्त आहे. पण निदान घरच्यांची मजुरी हा खर्च आहे, एवढं तरी सरकारी कागदावर मान्य झालं. तुमच्या कागदावर ते अजून व्हायचं आहे. माझी पहिली तक्रार तीच.

मजुरी न धरल्यानं काय होतं, ते आमच्याच हिशोबातून दाखवते. पहिल्या यंत्राची किंमत आम्ही ३८ हजार ठेवली. सर्किट बोर्ड, सेन्सर, पेटी, सिम, वर्षभराचा सर्व्हर असा माल धरून खर्च २६ हजार. एका यंत्रामागे १२ हजार सुटतात, हे आम्ही स्लाइडवर दाखवलं आणि तुमच्यातल्या अनेकांनी ते वाचून कौतुक केलं. पहिली साठ यंत्रं आम्ही संस्थापकांनीच बसवली. एक यंत्र म्हणजे पहाटे निघायचं, सकाळचा टँकर गेल्यावर कूलर धुऊन कोरडा होईपर्यंत थांबायचं, मग सेन्सर बसवायचा, संध्याकाळचं दूध यायला लागलं की काचेच्या थर्मामीटरशी ताडून आकडा जुळवायचा आणि रात्री अकरा-बाराला घरी पोचायचं. या पूर्ण दिवसाची किंमत आमच्या शीटमध्ये शून्य होती. पुढे दोन तंत्रज्ञ नेमले, तेव्हा एक यंत्र बसवायचा खरा खर्च ४,३०० रुपये निघाला, आणि वर्षभरातल्या दुरुस्तीच्या फेऱ्यांचे ३,१०० वेगळे. बारा हजारांचे ४,६०० झाले. किंमत ४६ हजारांवर न्यावी लागली. ज्या दोन डेअऱ्यांशी ३८ हजारांनी बोलणी चालली होती, त्यांनी पुढे फोन उचलले नाहीत. आम्ही त्यांना फसवलं असंच त्यांना वाटलं असणार. पहिल्या दिवसापासून आमच्या पगाराची ओळ भरलेली असती, तर भाव पहिल्या दिवसापासून खरा निघाला असता. तुम्हीही खऱ्या आकड्यांवर निर्णय घेतला असता.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती लिहिताना मला त्रास होतो.

आमच्यातला तिसरा परभणीचा. यंत्राचा सगळा इलेक्ट्रॉनिक भाग त्यानं एकट्यानं उभा केला. वीज जाऊन-येऊन होणाऱ्या झटक्यांत टिकेल, संकलन केंद्रातल्या दमट हवेत गंजणार नाही आणि नेटवर्क नसेल तेव्हा नोंदी साठवून ठेवील, असा बोर्ड त्यानं आठ वेळा मोडून नवव्यांदा जमवला. सोळाव्या महिन्यात त्याच्या वडिलांची किडनी निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. उपचार योजनेतून होत होते, पण गाडीभाडं, औषधं, तपासण्या आणि बुडालेली शेती यांचं काय? त्यानं महिन्याला ३० हजार मागितले. एवढेच. आम्ही दोघांनी गुंतवणूकदाराला लिहिलं, की त्याच्यापुरती अट शिथिल करा. उत्तर आलं, की अशा वेळीच संस्थापकाची निष्ठा दिसते.

एकोणिसाव्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तो गेला. जायच्या आधी दिवसभर टेबलाशी बसला होता. अकरा बोर्ड शिल्लक होते. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी लावून त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, की यात काय चालतं, काय अडतं आणि कुठला भाग बदलायचा राहिला. मग सोल्डरिंग आयर्न पुसून जागेवर ठेवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सोमवारी तो हिंजवडीतल्या एका कंपनीत रुजू झाला.

त्याच्या जाण्यानं बोर्डाची पुढची आवृत्ती सात महिने लांबली. बाहेरच्या सल्लागाराला आम्ही साडेचार लाख दिले, तरी ती चिकटपट्ट्या वाचूनच काम पुढे सरकलं. त्याला तीस हजारांनी फेरी होईपर्यंतचे सात महिने ठेवलं असतं तर २ लाख १० हजार लागले असते. पैशाच्या भाषेत बोलायचं तर हिशोब एवढाच आहे.

जो सहसंस्थापक राहिला, तो आजही मनापासून राबतो. त्याचं पुण्यात स्वतःचं घर आहे, वडिलांचं दुकान चालतं. तो स्वतःच म्हणतो, की मी टिकलो कारण मला भाडं भरायचं नव्हतं. तुमच्या अटीनं त्या दोघांतला जास्त निष्ठावान कोण ते निवडलं नाही. कुणाच्या वडिलांकडे काय आहे, ते निवडलं. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून, गिरणगावातल्या चाळीतून, वस्तीतून वर आलेला इंजिनिअर पहिल्या पिढीचा पगारदार असतो. त्याच्या पगारावर मागे चार माणसं असतात. दोन वर्षं बिनपगारी राहा, ही अट त्याच्यासाठी दार बंद करते. आणि मग तुम्हीच परिसंवादांत विचारता, की ग्रामीण भागातून संस्थापक का येत नाहीत.

तिसरी गोष्ट, तुम्ही देता त्या दाखल्यांची. आमच्या बैठकीत एका सदस्यांनी स्टीव्ह जॉब्स आणि मार्क झुकरबर्ग यांच्या एक डॉलर पगाराचं उदाहरण दिलं. जॉब्स १९९७ मध्ये ॲपलमध्ये परतून एक डॉलर घेऊ लागले, त्याच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, त्यांची ॲनिमेशन कंपनी पिक्सार शेअर बाजारात आली होती आणि ते अब्जाधीश झाले होते. झुकरबर्ग यांचा एक डॉलर २०१३ पासूनचा, म्हणजे फेसबुक बाजारात आल्यानंतरचा. आपल्याकडे क्रेड या फिनटेक कंपनीचे संस्थापक कुणाल शाह महिन्याला १५ हजार पगार घेतात, हे २०२३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं. आधीची कंपनी विकलेली असल्यामुळे माझं भागतं, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलेला तो अर्धा भाग बैठकीत कुणी उच्चारत नाही. कमी पगाराचा आग्रह धरणारे म्हणून अमेरिकेतले गुंतवणूकदार पीटर थील यांचं नावही येतं. सुरुवातीच्या कंपनीच्या सीईओला वर्षाला दीड लाख डॉलरपेक्षा जास्त पगार नको, असं ते म्हणतात. ती वरची मर्यादा आहे, आणि तिथल्या राहणीमानातही तेवढ्यात माणूस नीट जगतो. तिचा आधार घेऊन भोसरीतल्या भाड्याच्या घराला २५ हजार ठरवणं बरोबर नाही.

चौथी तक्रार फंड चालवणाऱ्यांकडे आहे. तुमचा फंड साधारण दोन टक्के वार्षिक व्यवस्थापन शुल्क आणि नफ्यात वीस टक्के वाटा या रिवाजावर चालतो. शंभर कोटींचा फंड असेल तर वर्षाला दोन कोटी शुल्क येतं, त्यातून तुमचे पगार होतात. आमच्यातली एकही कंपनी अजून नफ्यात नसली तरी ते होतात, आणि व्हायलाच हवेत. माणूस उपाशीपोटी चांगले निर्णय घेत नाही. शिवाय सेबीच्या २०१२ च्या एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंडांच्या, नियमावलीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या फंडांना अट आहे, की व्यवस्थापक किंवा प्रायोजकानं निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यांतली कमी असलेली रक्कम स्वतः गुंतवावी, आणि हा वाटा व्यवस्थापन शुल्क माफ करून दाखवता येणार नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. श्रमाचा मोबदला वेगळा आणि घातलेलं भांडवल वेगळं, हे त्यात स्पष्ट आहे. तुम्हाला लागू असलेलं हे तत्त्व आम्हाला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि सोडलेला पगार ही गुंतवणूकच मानायची असेल, तर ती तशी नोंदवा. साठ हजारांनी माझ्या २६ महिन्यांचे १५ लाख ६० हजार होतात. एवढे पैसे रोख घालणाऱ्याला शेअर मिळतात, तिमाही अहवाल मिळतो, बैठकीला बोलावणं येतं. माझ्या १५ लाख ६० हजारांची कुठल्याही कागदावर नोंद नाही. उलट जे शेअर माझे होते, तेही फेरीच्या वेळी चार वर्षांच्या व्हेस्टिंगला बांधले गेले, म्हणजे कंपनीत राहीन तसे ते टप्प्याटप्प्यानं माझे होणार.

बाळंतपणाबद्दल लिहायचं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. लिहिते आहे, कारण माझ्या मागून येणाऱ्या मुलींना ते कळलं पाहिजे. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्यानं, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळत होती. रक्कम सरासरी दैनंदिन वेतनावर ठरत होती. माझं वेतन शून्य होतं. कंपनीची सामूहिक आरोग्य विमा पॉलिसी काढली, तेव्हा पगारपत्रकावर नाव असलेल्यांचीच यादी गेली. त्यात मी नव्हते. सिझेरियनचं बिल नणंदेनं भरलं. सातव्या आठवड्यात बाळाला पाळणाघरात ठेवून मी इंदापूरला यंत्र बसवायला गेले, कारण तेव्हा बसवणारं दुसरं कुणी नव्हतं. या काळात तुमच्यातल्या एकांनी मला विचारलं, ‘तुमचे मिस्टर कमावतात ना?’ माझे पती तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवतात. त्यांचं मानधन कधी चार महिन्यांनी येतं, कधी सहा. पण त्यांचा पगार दोन लाख असता तरी हा प्रश्न चुकीचा होता. माझ्या पुरुष सहसंस्थापकाला त्याची बायको कमावते का, हे कुणी विचारलं नाही.

दोन छोटे मुद्दे उरकते. ‘तोट्यातल्या कंपनीला संचालकांना पगार देता येत नाही’ असं आम्हाला इनक्युबेटरमध्ये सांगितलं गेलं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ मधली निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा पब्लिक कंपन्यांसाठी आहे, प्रायव्हेट लिमिटेडला ती लागू नाही. दुसरं, ‘पगार कागदावर लावा, पैसे फेरीनंतर घ्या’ हा सल्ला. पगार देय झाला की तो हातात आला नसला तरी करपात्र ठरतो. न मिळालेल्या पैशावर कर भरायची वेळ संस्थापकावर येते. सल्ला देण्याआधी निदान एकदा सीएला विचारत जा.

तुमची भीती मला कळते. फेरीचा पैसा येताच गाडी घेणारे, घरखर्च कंपनीच्या कार्डावर टाकणारे संस्थापक तुम्ही पाहिले आहेत. पैसा तुमचाही नसतो, त्यामागे आणखी कुणाची बचत असते. नोकरीत मिळत होता तेवढा पगार संस्थापकानं मागू नये, हे मला मान्य आहे. मी मागितलेला नाही. पण पगार शून्य ठेवला की कार्डावर किराणा टाकायचा मोह वाढतो, कमी होत नाही. पहिल्या दोन वर्षांत पेट्रोल, मोबाइल आणि एकदा घराचं वीजबिल मी कंपनीतून भरलं. ते चूक होतं. पगार सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात मी ते पैसे परत भरले आणि त्यानंतर एकही बिल तसं गेलेलं नाही.

मग पगार किती असावा? माझे साठ हजार कसे ठरले ते सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. घरभाडं १४ हजार, किराणा-दूध-गॅस ११ हजार, पाळणाघर ७ हजार, गावाकडे आई-वडिलांना ८ हजार, पेट्रोल ४ हजार, वीज-फोन-इंटरनेट ३ हजार, डॉक्टर-औषधं ३ हजार, विम्याचा महिन्याचा वाटा अडीच हजार आणि पाटल्यांच्या कर्जाचा हप्ता साडेसात हजार. पतींचं मानधन येतं तेव्हा मागची उधारी फिटते. यात बचत नाही, सहल नाही, सणाची खरेदी नाही. आमचा महिन्याचा खर्च सुमारे ८ लाख ३३ हजार आहे, त्यात दोघांच्या पगाराचे १ लाख २० हजार. उरलेल्या आठ महिन्यांत आम्ही २५ हजारांवर आलो तर ५ लाख ६० हजार वाचतील. कंपनीचं आयुष्य त्यानं जेमतेम वीस दिवसांनी वाढेल. वीस दिवसांसाठी तुम्ही मला पुन्हा नोकरीच्या जाहिराती बघायला लावत आहात.

माझ्या सहसंस्थापकाची गरज माझ्यापेक्षा कमी आहे. तरी दोघांचा पगार सारखा असावा, असं माझं मत आहे. गरजेप्रमाणे वेगवेगळा पगार द्यावा, असं काही जण सुचवतात. आम्ही महिनाभर तसं करून पाहिलं. ज्याला कमी मिळतं तो मोठेपणा दाखवतो आणि ज्याला जास्त मिळतं तो प्रत्येक वादात मान खाली घालतो. भागीदारीत ते चालत नाही. किमान पातळी गरजेवरून ठरवावी, पण ती दोघांना सारखी असावी.

एंजल टॅक्स, म्हणजे कंपनीनं वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावानं शेअर देऊन उभारलेल्या जादा पैशावरचा कर, २०१२ च्या अर्थसंकल्पात आला आणि तुम्ही वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. तुमची अडचण खरी होती आणि ती ऐकली गेली. तशीच आमची ऐकावी. मागण्या अशा:

१. पैसा कंपनीच्या खात्यात आला, त्या महिन्यापासून संस्थापकांचा पगार सुरू व्हावा. रक्कम करारात लिहावी. पुढचा हप्ता रोखून ती कमी करायला लावू नये.

२. रक्कम ठरवताना संस्थापकाच्या घराचा महिन्याचा खर्च कागदावर मांडावा आणि तो किमान पातळी म्हणून धरावा. वरची मर्यादा जरूर घाला. कंपनीतल्या सर्वात जास्त पगाराच्या कर्मचाऱ्यापेक्षा संस्थापकाचा पगार जास्त नसावा, ही मर्यादा मला योग्य वाटते.

३. संस्थापकांचा आरोग्य विमा आणि बाळंतपणाची रजा हा कंपनीचा खर्च मानावा. पुरुष संस्थापकालाही मूल झाल्यावर रजा मिळावी.

४. इनक्युबेटरनी अनुदानाच्या नियमांत संस्थापकाच्या निर्वाहासाठी ठरावीक वाटा ठेवावा किंवा तसा प्रस्ताव सरकारकडे पाठवावा. केंद्राच्या, नवउद्योजकांसाठीच्या निधी-ईआयआर योजनेत महिन्याला १० ते ३० हजारांचं निर्वाह अनुदान देण्याची तरतूद केलेली आहे. म्हणजे तत्त्व सरकारला अमान्य नाही.

५. पैसा येण्याआधी बिनपगारी केलेल्या कामाची महिनेवार नोंद फेरीच्या वेळी लेखी घ्यावी आणि शेअरची वाटणी ठरवताना ती समोर ठेवावी.

६. निवड समितीच्या मुलाखतीत नवरा, सासर आणि मूल यांबद्दलचे प्रश्न बंद करावेत.

आमच्या बाजूनं मी लिहून द्यायला तयार आहे: दोघांचा पगार सर्व कर्मचाऱ्यांना माहीत असेल, कर्मचाऱ्यांचे पगार झाल्याशिवाय आमचा होणार नाही, संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय एक रुपया वाढणार नाही, आणि कंपनी खरोखर अडचणीत आली, तर पहिली कपात आमचीच होईल. तशी वेळ आली तर २५ हजार काय, त्याहून कमीही घेऊ. पण ते अडचण बघून आम्ही ठरवू. निष्ठेचा पुरावा म्हणून आधीच कापून देणार नाही.

येत्या मंगळवारी अकरा वाजता समितीची बैठक आहे. दुसऱ्या हप्त्याचा करार माझ्यासमोर आहे. २५ हजारांचं कलम वगळलं तर मी त्याच दिवशी सही करीन. ते राहिलं तर करणार नाही, आणि माझ्या सहसंस्थापकानंही तसंच ठरवलं आहे. बैठकीला मी तीच शीट घेऊन येते आहे. पिवळ्या केलेल्या दोन ओळींच्या वर एक नवी ओळ घातली आहे, परभणीच्या आमच्या मित्राची. तो परत यायला तयार आहे. त्याच्या नावापुढेही ६० हजार लिहिले आहेत.

कळावे,

आपली नम्र,
भोसरीतल्या एका छोट्या कंपनीची सहसंस्थापक